लाल-निळी पेन्सिल

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांनी आधी विचारलं असतं, "हे कुठून घेतलंत? आमच्या दारावरच्या पाटीवरून? पाटी हा पुरावा नव्हे बाई. ती मीच लावलीय."

डोंबिवलीत आमच्या सोसायटीत ते माझ्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहत. सगळे त्यांना काका म्हणत. सगळी नोकरी त्यांनी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये केली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या मागे लागतात, नाहीतर शेअरबाजाराच्या. काका पूर्वजांच्या मागे लागले. पूर्वज स्वतःचेच असावेत असा त्यांचा हट्ट नव्हता. कुणाचेही चालत.

मी नवीन राहायला आले तेव्हा सोसायटीचा फॉर्म घेऊन तेच दारात उभे राहिले.

"मूळ गाव?"

"सातारा."

"सातारा जिल्हा झाला. गाव?"

मी गाव सांगितलं.

"त्याआधी?"

"त्याआधी म्हणजे?"

"त्या गावात यायच्या आधी कुठे होतात?"

"मी नव्हते हो काका कुठेच. माझा जन्म पुण्याचा."

हे त्यांनी कानाआड केलं. "बरं. माहेरचं नाव?"

"जे आहे तेच."

"सासरचं?"

"तेही तेच. बदललं नाही."

तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "वा!" ते म्हणाले. "तुमच्या पणतवंडांचे निदान सहा महिने वाचले."

ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी होती, हे मला पुढे कळलं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, पुस्तकंही बरी वाचलेली होती, पण त्यांच्या लेखी माझी किंमत एवढ्या एकाच गोष्टीमुळे होती.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला कायम एक पेन्सिल असे, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. जे कागदावर सापडलं त्याखाली निळी रेघ. जे कुणी तरी सांगितलं त्याखाली लाल. लाल म्हणजे ऐकीव, निळं म्हणजे लेखी. सकाळचं वर्तमानपत्रही ते याच पद्धतीने वाचत आणि निवडणुकीच्या दिवसांत ते इतकं लाल होई की काकू ते रद्दीतही वेगळं ठेवत.

"आमचं लग्न कुठल्या रंगात बसतं ते विचारा यांना," काकू एकदा चहा देताना म्हणाल्या.

"निळ्या. कार्यालयाचं रजिस्टर आहे," काका म्हणाले.

"आणि मी तुम्हाला बघताक्षणी पसंत केलं होतं ते?"

"ते लाल."

काकू हसल्या. या संभाषणाची ही पहिली वेळ नसावी.

घराण्यांविषयी काकांचं एक ठाम मत होतं. ज्या घरात भांडण नाही, त्या घराला इतिहास नाही. सुखासमाधानाने जगलेली माणसं मागे काही ठेवत नाहीत. भाऊ भावावर दावा लावतो, शेजारी बांध सरकवतो, कुणी पाट अडवतो, तेव्हा कुठे आजोबा-पणजोबांची नावं कागदावर उतरतात. "देवळात माणूस देवाला फसवतो," ते म्हणत. "कोर्टात दोन्ही बाजू एकमेकांना फसवतात. त्या दोन खोट्यांच्या मधोमध खरं सापडतं. म्हणून मी देवळात शोधत नाही." मोडी ते सरसर वाचत. जुन्या कागदावरची धूळ झाडायला त्यांच्या पिशवीत दाढीचा एक ब्रश असे. दाढी मात्र ते न्हाव्याकडे करत, कारण न्हाव्याच्या घराण्याची चार पिढ्यांची माहिती अजून जमवायची राहिली होती.

ठाण्याला जायचं तर ते कल्याणहून एसटीने जात आणि खोपटला उतरत. लोकलने लवकर पोचता येतं, असं मी एकदा सुचवलं. "लवकर पोचून करायचं काय? मेलेल्या माणसांना घाई नसते," ते म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. एसटीत शेजारच्या माणसाला तासभर पळून जाता येत नाही. खोपटच्या डेपोतला एक कंडक्टर तर त्यांना पाहिलं की लांबूनच ओरडायचा, "काका, आईला फोन केलेला! आज्याच्या बापाचं नाव गावलं! भिकाजी!"

"तिला कुणी सांगितलं?"

"तिच्या सासूनं."

"लाल," काका म्हणत आणि पुढच्या सीटवर बसून लिहून घेत.

त्यांच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना पूर्वज नको असत, सरदार हवा असे. कल्याणचे एक बिल्डर वडिलांच्या पंचाहत्तरीच्या स्मरणिकेसाठी आले. घराणं लढवय्यांचंच आहे, फक्त तसा कागद तेवढा शोधून द्या, म्हणाले. काकांनी चार महिने दप्तरं उपसली आणि एक कागद आणला. मी तेव्हा तिथेच होते. पणजोबांनी शेजाऱ्याविरुद्ध तक्रार केली होती, की त्याने आपली म्हैस कोंडून ठेवली. शेजाऱ्याचं उत्तर होतं, की म्हशीने त्याचं भात खाल्लं. निकाल शेजाऱ्याच्या बाजूने लागला होता.

बिल्डरांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग अगदी गोड आवाजात म्हणाले, "काका, एक करा ना. म्हैस काढा."

"म्हैस काढली तर पणजोबाही निघतील. एकाच ओळीत आहेत दोघं."

"अहो, पण स्मरणिकेत म्हैस कशी दिसेल?"

"तुमच्या पणजोबांपेक्षा तिची माहिती जास्त आहे. रंग दिलाय, शिंगं दिलीत, वय दिलंय. त्यांचं नुसतं नाव आहे."

स्मरणिका निघाली. तिच्यात पहिल्याच पानावर तलवारींचं चित्र होतं. काकांनी त्या चित्राखाली लाल रेघ मारून ती कपाटात ठेवून दिली.

असा हा ऐकीव गोष्टींचा कर्दनकाळ वर्षातून एक दिवस मात्र हतबल होत असे. सर्वपित्री अमावास्येला.

तर्पणात तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. वडील, आजोबा, पणजोबा. मग आई, आजी, पणजी. काकांकडे पाच नावं पक्की, निळ्या रेघेची होती. सहावं नव्हतं. पणजोबांचं नाव राघो, गाव कल्याणजवळचं शहाड, नदीकाठी थोडी शेती, एवढं त्यांना सापडलं होतं. तेही भांडणामुळेच. राघो गेल्यावर शेजाऱ्याने बांध सरकवला आणि त्याच्या बायकोने दावा लावला. तो कागद काकांनी मला दाखवला होता.

"हे बघा. शेजाऱ्याचं नाव आहे. साक्षीदारांची नावं आहेत. हद्दीवरच्या आंब्याची जातसुद्धा लिहिलीय, रायवळ. आणि दावा लावणारी कोण? 'मयत राघो याची विधवा.' बस! बाई कोर्टाची पायरी चढली, केस जिंकली, आणि त्या कारकुनाला तिचं नाव विचारावंसं वाटलं नाही. माझ्याच खात्यातला गाढव."

त्यामुळे दरवर्षी सहाव्या नावापाशी गाडी अडे. गुरुजी समजुतीने म्हणत, "नाव ठाऊक नसेल तर गंगा म्हणा. शेवटी सगळ्यांची गंगाच."

काका ओठ मिटून पाणी सोडत. बिनपुराव्याचं नाव त्यांच्या तोंडून निघत नसे. काकू आतून सांगत, "म्हणा हो गंगा, भाजी निवतेय." ते म्हणत नसत.

मला यात गंमत वाटायची. एकदा मी बोलूनही गेले, की काका, एका नावाने त्या बाईला काय फरक पडणार आहे?

ते चिडले नाहीत. उलट वही मिटून म्हणाले, "माझ्या पिढीत मी एकटा उरलोय. मी गेलो की माझा मुलगा नावं घेईल. त्याच्या तीन पिढ्या माझ्यापासून सुरू होतात. त्याची पणजी म्हणजे माझी आजी. राघोची बायको यादीतून बाहेर. मी आहे तोवरच तिचं नाव घेणं हे जगात कुणाचं तरी काम आहे. आणि ज्याचं काम आहे त्यालाच ते नाव येत नाही."

त्यानंतर मी त्या विषयावर विनोद केला नाही. म्हणजे फारसा केला नाही.

ठाण्याच्या मावशी त्यांच्याकडे आल्या त्या स्वतःच्या कामाने. ठाण्यातलं त्यांचं जुनं ख्रिस्ती घराणं. मावशी पोस्टातून निवृत्त झालेल्या, आणि काकांची ओळख रजिस्टर पत्रांच्या खिडकीवरची.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात सांगतात की माझा पणजा मेलेला जन्मला. सुईणीनं पाणी टाकलं, नि उठला. माझा नातू हसतो मला. माझं आयुष्य पोस्टात गेलं, पावती असल्याशिवाय मला चैन पडत नाय. बघा कुठं लिहिलंय का."

काकांनी पेन्सिलीचं लाल टोक पुढे केलं. "मावशी, मेलेला माणूस उठत नाही."

"तुमच्यात उठत नसंल," मावशी म्हणाल्या. "आमच्यात एक उठलाय."

काकांनी पेन्सिल खिशात टाकली आणि चर्च कधी उघडं असतं ते विचारलं.

मला सुट्टी होती, म्हणून मीही त्यांच्याबरोबर ठाण्याला गेले. चर्चमागच्या खोलीत एका लांब टेबलावर फादरांनी बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढून ठेवलं होतं. फादर तरुण होते, वसईकडचे. रजिस्टर पोर्तुगीजमध्ये होतं. "मला थोडं थोडं लागतं," ते म्हणाले. "ठरावीक वाक्यं असतात. नावं तेवढी बदलतात." काकांनी परवानगी न विचारता दाढीचा ब्रश काढला आणि पानं झाडायला घेतली. फादरांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी डोळ्यांनीच सांगितलं, की असू द्या.

दोन तासांनी नोंद सापडली. मुलाचा बाप कल्याणला रेल्वेत होता. बाळ जन्मलं तेव्हा रडलं नाही, हाललं नाही. फादरांनी बोट ठेवून वाचलं, की मृत्यूची भीती असल्याने घरीच, घाईने, सुईणीने बाप्तिस्मा दिला. पुढे मूल जगलं आणि उरलेला विधी चर्चमध्ये झाला.

"म्हणजे खरं होतं!" मावशी म्हणाल्या. "भाऊ, काढा ती निळी बाजू."

काका मात्र हटून बसले. "पण सुईणीला बाप्तिस्मा देता येतो? ती काय ख्रिस्ती होती?"

"असायलाच हवी असं नाही," फादर म्हणाले. "जीव जात असेल तर कुणीही डोक्यावर पाणी घालून ते शब्द म्हणू शकतं. इथल्या हिंदू सुईणींनासुद्धा पूर्वी शिकवून ठेवत. फक्त नंतर पाद्री तिला बोलावून खात्री करून घ्यायचा, शब्द बरोबर म्हटलेस ना, पाणी डोक्यावरच घातलंस ना. म्हणून तिचं नाव लिहून ठेवावं लागायचं. हे बघा, इथे आहे. सुईण, हिंदू. सगुणा. शहाडच्या राघोची विधवा."



"पुन्हा वाचा," काका म्हणाले.

फादरांनी वाचलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा वाचून झालं. काकांनी वही उघडली, नाव लिहिलं आणि पेन्सिल हातात फिरवत राहिले. निळं टोक खाली, मग लाल, मग परत निळं. ज्या हाताने त्यांनी आयुष्यभर लोकांच्या आजोबांना क्षणात निकालात काढलं, त्या हाताला एक रेघ मारता येईना.

मावशींना तोवर उलगडलं होतं. राघोच्या कागदाबद्दल मीच त्यांना चर्चकडे येताना सांगितलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, ही तुमची पणजी? अहो, मग ती नसती तर माझा पणजा नसता. नि मी कुठून आले असते?"

"शहाडात राघो एकच होता, याला पुरावा नाही," काका म्हणाले.

"काय माणूस आहे!" मावशी मला म्हणाल्या. "पणजी दारात येऊन उभी राहिली, तर हा तिला ओळखपत्र मागतोय."

खोपटला परत एसटीत बसलो तेव्हा काकांनी शेजारच्या माणसाला गाव विचारलं नाही. भिकाजीचा पणतू, तो कंडक्टर, तिकीट फाडता फाडता मला म्हणाला, "मॅडम, काकांना बरं नाय का?"

पुढचे सहा महिने त्यांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. दुसऱ्या कुणी हरखून पेढे वाटले असते. काका दुसरा राघो शोधत होते. शहाडात त्याच सुमाराला राघो नावाचा आणखी कुणी होता का, असेल तर त्याची बायको त्याच्यामागे राहिली होती का, ती सुईण होती का. आपल्याच विरुद्ध पुरावा गोळा करायला ते रोज पोळीभाजीचा डबा घेऊन निघत. एक राघो मिळालाही. त्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन म्हणाले, "मिळाला," आणि त्यांचा चेहरा इतका उतरलेला होता की मला वाटलं कुणी गेलं. चार दिवसांनी त्या राघोची बायको त्याच्या आधी वारल्याचा कागद सापडला. एका परक्या बाईच्या मृत्यूवर इतकं खूश झालेलं माणूस मी त्यानंतर पाहिलं नाही.

"म्हणजे झालं ना आता?" मी विचारलं.

"तिसरा नसेल कशावरून?"

बातमी नातेवाइकांत पोचली तेव्हा ठाण्याचा पुतण्या भेटायला आला. तो उंच टॉवरमध्ये राहत असे आणि घराण्याचा कुलवृत्तांत छापायला निघाला होता. "काका, नाव घाला, पण सुईण नका लिहू," तो म्हणाला. "लोकांना काय वाटेल? आपल्या घरात सुईण?"

"मग तू काय कुरिअरने आलास?" काका म्हणाले.

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला त्यांनी मला जेवायला बोलावलं, आणि मावशींनाही. मावशी सोवळ्याच्या बाहेर, हॉलच्या दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. ताटं मांडायला वेळ होता. गुरुजी भराभर पुढे चालले होते. वडील झाले, आजोबा झाले, राघो झाला. आई झाली, आजी झाली. आणि नेहमीच्या जागी गुरुजी नेहमीसारखे थांबले.

"गंगा म्हणताय?"

काकांनी ओंजळीतल्या तिळांकडे पाहिलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. या वेळी त्यांनी भाजीचं काही म्हटलं नाही.

"सगुणा," काका म्हणाले. मग जरा थांबून, "बहुधा."

गुरुजींनी डोळे उघडले. "बहुधा चालत नाही हो. इथे नाव लागतं."

"इतकी वर्षं गंगा चालत होती ना? ती तर निव्वळ खोटी होती. मी निदान संशय तरी कबूल करतोय."

"पण पितरांना कसं कळायचं?"

"गुरुजी," दाराशी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "जिचं आहे तिला कळंल. पुढं चला, माणसं उपाशी बसलीत."

गुरुजींनी एकवार छताकडे पाहिलं, बहुधा कुणाला तरी साक्षी ठेवून, आणि पुढचा मंत्र म्हटला. काकांनी पाणी सोडलं. वहीतल्या नावाखाली त्यांनी त्या दुपारी निळी रेघ मारली आणि शेजारी लाल टोकाने 'बहुधा' लिहिलं. एकाच ओळीत दोन्ही रंग असलेली त्यांच्या सगळ्या वह्यांतली ती एकुलती एक ओळ आहे. मी नंतर पाहिलंय.

आणखी तीन सर्वपित्री त्यांना मिळाल्या. तीनही वेळा तोच वाद झाला, आणि तिसऱ्या वेळी तर गुरुजीच "सगुणा" म्हणून काकांकडे बघत थांबले, की तुमचं ते राहिलंय. मधल्या काळात काका सगुणेचं माहेरचं नाव शोधायला लागले होते. मग ते गेले.

मुलगा परदेशातून आला आणि पुढच्या पितृपक्षात त्याने सगळं यथासांग केलं. यादी काकांनी म्हटलं होतं तशीच एक घर सरकली होती. वडील म्हणून आता काकांचं नाव आलं, त्याची पणजी म्हणून काकांची आजी. काकू होत्या म्हणून आईचं नाव नव्हतं. उरलेली पाचही निळी होती, कुठे अडलं नाही, भाजी निवली नाही. मी पाटावर बसून जेवले. सगळं इतकं सुरळीत झालेलं मला आवडलं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मावशींकडे मृतांचा दिवस असतो. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून चर्चमध्ये द्यायची, फादर त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. त्या सकाळी मी काही कामाने ठाण्यात होते, म्हणून त्यांच्या घरी डोकावले. मावशी टेबलाशी बसून चिठ्ठी लिहीत होत्या. हातात लाल-निळी पेन्सिल होती. काकूंनी त्यांना देऊन टाकली होती.

"बघा बरं, नीट लिहिलंय का," त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली.

त्यांचे आईवडील होते, नवरा होता, तो उठून बसलेला पणजा होता. त्याच्या खाली निळ्या अक्षरांत 'सगुणा' आणि पुढे लाल टोकाने, बारीक, 'बहुधा'.

"फादर विचारतील हे काय," मी म्हटलं.

"विचारू देत. ते लिहिलं नाय तर भाऊ वरून भांडाय येतील."

शेवटची ओळ काकांच्या नावाची होती. त्याच्यापुढे बहुधा नव्हतं.